उंदरांची रोजकीर्द



स्मृतिव्याख्यानाला उंदीर हा विषय निवडला, हे काहींना औचित्याला सोडून वाटलं असेल. पण स्मृती जशी माणसाची असते तशी ती समाजाचीही असते, आणि समाजाची स्मृती भाषणांपेक्षा वह्यांमध्ये जास्त टिकते. कुठे काय घडलं, केव्हा घडलं, आधी कोणती चिन्हं दिसली होती, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं म्हणून पुढच्या पिढीला कळतं. आज अशाच एका वहीबद्दल बोलायचं आहे. जगातल्या अनेक शहरांत आणि रानांत शास्त्रज्ञ मोकळे उंदीर पकडतात, त्यांचं रक्त, फुप्फुस, यकृत, विष्ठा तपासतात आणि त्यांत कोणते विषाणू आहेत ते पाहतात. कशासाठी? वर्तमानपत्रं उत्तर देतात: पुढची महासाथ कुठून येणार ते आधी कळावं म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं आणि थोडं धोक्याचंही. आपल्याकडे दुकानदाराच्या गादीशेजारी दोन पुस्तकं असत, एक पंचांग आणि दुसरी रोजकीर्द. पंचांग उद्याचं सांगतं. रोजकीर्द आज काय आलं, काय गेलं एवढंच लिहिते, पण धंदा बुडतो आहे की तरतो आहे हे कळतं ते तिच्यातूनच. उंदरांची तपासणी ही रोजकीर्द आहे. तिचं पंचांग करायला गेलो तर पदरी निराशा येईल, आणि त्या निराशेपोटी आपण वहीच फेकून देऊ. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता त्याचे पुरावे पाहू आणि त्यावरचे आक्षेपही पाहू.

सुरुवात आपल्या दारातूनच करू. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीच्या वखारींच्या भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. प्लेग विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग. तरीही आजच्या विषयाचा पाया तिथेच आहे. त्या काळच्या आपल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचं. ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोगच त्या अनुभवातून आला. छपरातून, आढ्यावरून उंदीर मरून खाली पडत, आणि गावं माळावर झोपड्या घालून राहायला जात. पण उंदीर आणि माणूस यांना जोडणारा दुवा कोणता? १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, तेव्हा बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. हसणं थांबवायला मुंबई लागली. १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आज जिला आपण हाफकिन संस्था म्हणतो तिथे, प्लेग संशोधन आयोगाचं काम सुरू झालं. शहरभरातून उंदीर गोळा होत, प्रत्येकाबरोबर तो कुठे सापडला याची नोंद येई, आणि मग तो टेबलावर फाडून तपासला जाई. एकदोन आठवडे नव्हे, ऋतूमागून ऋतू हे काम चाललं. प्लेगच्या घरांत गिनिपिग मोकळे सोडले जात आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढल्या ते मोजलं जाई. एका प्रयोगात माकडांचे पिंजरे ठेवले. एका पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा, पिसवेची उडी ओलांडू शकणार नाही एवढा रुंद. दुसऱ्याभोवती काहीच नाही. उघड्यावरचं माकड प्लेगनं आजारी पडलं, पट्ट्याआडचं वाचलं. हवा तीच, जागा तीच, फरक फक्त त्या चिकट कागदाचा.

पण आयोगाची सगळ्यात मोठी कमाई मला हा प्रयोग वाटत नाही. ती आहे एक कालगणना. सगळ्या उंदरांच्या नोंदी आणि सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकाखाली एक लावल्यावर क्रम दिसू लागला. रोग आधी गटारांत आणि वखारींत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत पसरतो. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी तो चाळींत, घरांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत येतो. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं आजारी पडतात. श्रोतेहो, हा आकडा कुणा द्रष्ट्यानं सांगितलेला नाही. तो वहीतून निघाला. एका बाजूला उंदीर, दुसऱ्या बाजूला रुग्ण, आणि दोन्ही बाजूंचा ताळा. माणसाच्या घरी मरण यायच्या आधी सुमारे तीन आठवड्यांची सूचना गटारात लिहिलेली असते, हे मुंबईच्या उंदरांनी जगाला दाखवलं. एकट्या उंदराच्या पानावरून ते दिसलं असतं का? नाही. एकट्या रुग्णाच्या पानावरून? तेही नाही.

आता दुसरा मुद्दा. प्लेगच्या बाबतीत उंदीर पडतो, म्हणून डोळ्यांना दिसतो. विषाणूंच्या बाबतीत तसं घडतंच असं नाही. हंताविषाणूंचं उदाहरण घ्या. कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंडं निकामी होणं अशा विकारानं गाठलं. वर्षानुवर्षं कारण सापडेना. १९७६मध्ये हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञानं ते शोधलं, आणि कसं शोधलं हे नीट ऐकण्यासारखं आहे. रानातल्या पट्टेवाल्या उंदराच्या फुप्फुसाचे पातळ काप घ्यायचे आणि बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव त्यांवर सोडायचा. रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना तिथे आपला शत्रू ओळखीचा वाटला, तर ती त्याला चिकटतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा चमकते. ती चमकली. उंदराचं फुप्फुस आणि माणसाचं रक्त एका काचपट्टीवर भेटलं तेव्हाच कोडं सुटलं. आणि तो उंदीर? तो ठणठणीत होता. हंताविषाणू आपल्या यजमान उंदराला सहसा आजारी पाडत नाही. उंदीर तो मुकाट्यानं वाहतो, मूत्रातून, विष्ठेतून, लाळेतून बाहेर टाकतो, आणि वाळलेली धूळ श्वासात गेली की माणसाला बाधा होते. पुढे शहरी उंदरांतला त्याचा भाऊबंद सोल शहरातच सापडला. गटारातला तपकिरी उंदीर जिथे जहाजानं गेला तिथे तोही गेला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचं शहाणपण, ‘उंदीर पडले की निघा’, इथे कामाचं नाही. इथे उंदीर पडतच नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहायचं तर सापळा लावून, नमुना घेऊनच पाहावं लागतं. तपासणीची गरज इथून सुरू होते.

याच कुळातली १९९३ची गोष्ट. अमेरिकेच्या नैऋत्येला, जिथे चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या भागात, धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून मरू लागली. काही आठवड्यांतच कारण सापडलं: एक नवा हंताविषाणू, आणि तो वाहणारा हरणउंदीर नावाचा छोटा प्राणी. त्याआधी पाऊस चांगला झाला होता, रानात दाणापाणी वाढला होता आणि उंदीर कित्येक पटींनी वाढले होते. त्या मुलखातल्या नवाहो वृद्धांनीही अशा सुकाळी वर्षांचा आणि उंदरांचा संबंध सांगितला. मग लोकांच्या मनात प्रश्न आला की हा विषाणू नवाच जन्मला, कुठून आणला गेला, की कुणी बनवला? उत्तर एका संग्रहालयात होतं. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात आधीच्या वर्षांत पकडलेल्या उंदरांचे अवयव गोठवून ठेवलेले होते. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या डोक्यात कुठलाही विषाणू नव्हता. ते तपासले तेव्हा कळलं की विषाणू तिथे आधीपासूनच होता. त्याला अखेर नाव मिळालं ‘सिन नोम्ब्रे’, स्पॅनिशमध्ये ‘बिननावाचा’. कुठलंही पंचांग हे सांगू शकलं नसतं. जुनी रोजकीर्द उघडली आणि अफवा थांबली.

तिसरा मुद्दा दिसायला साधा आहे, पण नेमका तोच निसटतो. आपण ‘उंदीर, उंदीर’ म्हणतो, पण कोणता उंदीर? मराठी या बाबतीत शहाणी भाषा आहे. तिच्यात घूस वेगळी, उंदीर वेगळा, चिचुंद्री वेगळी. चिचुंद्री तर कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणीच नाही. ती कीटकभक्षक, उंदराच्या कुळाशी तिचं नातं नाही. पण रात्री भिंतीच्या कडेनं चिकचिक करत पळणाऱ्या प्राण्याला आपण घाईत उंदराच्या खाती टाकून देतो. १९६४मध्ये वेल्लोरला, जपानी मेंदूज्वराचा शोध चालू असताना, एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा काढण्यात आला. त्याला तिथल्या वस्तीवरून थोट्टापालयम हे नाव पडलं. डास-गोचिडांनी पसरणाऱ्या विषाणूंत त्याची गणना झाली आणि तो शीतपेटीत राहिला. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की हा हंताविषाणू आहे. म्हणजे जगात वेगळा काढलेला पहिला हंताविषाणू कोरियातला नाही. तो आपल्या देशातल्या एका चिचुंद्रीतला आहे, कोरियातल्या शोधाच्या बारा वर्षं आधीचा. मग कीर्ती कोरियाला का? कारण कोरियात समोरच्या पानावर रुग्ण होते आणि वेल्लोरात ते पान कोरं होतं. त्या विषाणूनं माणसाला आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. वेल्लोरच्या संशोधकांना यात दोष नाही. मला दाखवायचं आहे ते इतकंच की एका बाजूची नोंद कितीही अचूक असली, तरी ताळा जमेपर्यंत ती मुकीच राहते.

आपल्याकडचाच दुसरा दाखला माकडतापाचा. १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, माणसं तापानं फणफणू लागली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, त्याचा विषाणू शोधला. गेल्या दशकात हा रोग गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गात येऊन पोहोचला. नावात माकड आहे, कारण माकड मरताना दिसतं. पण हाच विषाणू गोचिडांत, रानउंदरांत, चिचुंद्रीतही सापडलेला आहे. जो मरतो त्याचं नाव रोगाला मिळतं आणि जो मुकाट्यानं वाहतो तो अनामिक राहतो. काजूच्या बागेत पाचोळा गोळा करायला वाकणाऱ्या बाईच्या दृष्टीनं पाहा. मेलेलं माकड दिसलं तर ती सावध होईल. पाचोळ्याखालून सरकन गेलेला रानउंदीर तिच्या हिशेबातच नसतो. तो हिशेब तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी ठेवायला नको का?

आता तपासणीत नेमकं काय हाती लागतं ते पाहू. २०१४मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या इयान लिपकिन यांच्या गटानं न्यूयॉर्कमधल्या मॅनहटनच्या १३३ उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिसार घडवणारे ओळखीचे जिवाणू सापडले, सोल हंताविषाणू सापडला, आणि १८ विषाणू असे सापडले जे विज्ञानाला तोवर ठाऊकच नव्हते. मथळा काय झाला असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पण ‘सापडला’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात पाहा. रक्तात प्रतिपिंडं सापडली, तर अर्थ एवढाच की या उंदराला कधीतरी त्या विषाणूची गाठ पडली होती. ऊतीत विषाणूच्या जनुकाचा तुकडा सापडला, तर विषाणू आत्ता आहे किंवा नुकताच होता. तो प्रयोगशाळेत पेशींवर वाढला, तर तो जिवंत आहे. मूत्रात किंवा विष्ठेत सापडला, तर तो बाहेर पडतो आहे. आणि एवढं सगळं होऊनही तो माणसाच्या पेशीत शिरू शकतो का, शिरला तर आजार होतो का, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो का, हे तीन प्रश्न शिल्लकच राहतात. सात पायऱ्यांच्या जिन्यावर पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उभं राहून ‘गच्चीवर पोहोचलो’ असं ओरडण्यासारखं ते होतं. त्या १८ नव्या विषाणूंपैकी कुठलाही माणसाला बाधतो असा पुरावा त्या अभ्यासात नव्हता, आणि अभ्यासकांनी तसा दावाही केला नव्हता.

मग त्या १८ नावांचा उपयोग काय? उपयोग कधी कधी अनपेक्षित दाराने येतो. त्यांतले दोन विषाणू माणसाच्या हेपेटायटिस ‘सी’च्या विषाणूचे दूरचे नातेवाईक निघाले. हेपेटायटिस ‘सी’वर आजही लस नाही. त्याचं एक कारण असं की तो विषाणू माणूस आणि चिंपांझी सोडून इतरांत नीट रुजत नाही, आणि त्यामुळे लसीचा अभ्यास करायला साधा प्राणीच मिळत नव्हता. न्यूयॉर्कच्या गटारातल्या उंदराचा विषाणू २०१७मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढवण्यात आला. त्या कामात चार्ल्स राइस यांचा सहभाग होता, ज्यांना पुढे २०२०चं नोबेल विभागून मिळालं. धोका शोधायला गेलेल्यांच्या हाती एक अवजार लागलं. आणि वहीचं पान उलट दिशेनंही वाचावं लागतं. कोविडच्या काळात, २०२१च्या शरद ऋतूत, न्यूयॉर्कमध्ये पकडलेल्या ७९ उंदरांपैकी १३ उंदरांत कोविडच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं आढळली. इथे देणारे आपण होतो आणि घेणारा उंदीर. जमा-नावे दोन्ही बाजू चालतात, हे आपण सोयीनं विसरतो.

या सगळ्याचा मेळ ज्या घटनेत सर्वांत स्वच्छ दिसतो ती हाँगकाँगची. २०१०मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या गटारी उंदरांत हेपेटायटिस ‘ई’चा एक वेगळा प्रकार सापडला होता. माणसातल्या प्रकाराहून तो इतका दूरचा होता की तो माणसाला होणार नाही, असाच समज रूढ झाला. २०१८मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या डॉक्टरांनी यकृतरोपण झालेल्या ५६ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत जाहीर केली. रोपणानंतर त्याच्या यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या राहत होत्या. तपासण्या वाढवत नेल्यावर जो विषाणू निघाला तो उंदरांचा हेपेटायटिस ‘ई’. जगातला असा पहिला सिद्ध रुग्ण. त्याच्या घराजवळच्या कचऱ्याच्या जागेत उंदरांचा वावर आढळला, आणि त्या वस्तीतून आधी पकडून जपून ठेवलेल्या उंदराच्या नमुन्यातही हा विषाणू मिळाला. पुढे आणखी रुग्ण समोर आले. आता विचार करा. आठ वर्षं ‘माणसाला होत नाही’ असं आपण म्हणत होतो ते पुराव्यावरून की पुराव्याच्या अभावावरून? माणसासाठी नेहमी वापरली जाणारी जनुकीय चाचणी उंदराचा हा प्रकार पकडायला बनवलेलीच नव्हती. ज्या जाळ्याची भोकं मोठी, त्यात बारीक मासळी नाही, असं कोळी कधी म्हणेल का? हॅम्बुर्गच्या गटारात कुणी नोंद केली होती म्हणून हाँगकाँगच्या डॉक्टरांना समोर आलेल्या विषाणूची ओळख पटली. आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी चिकाटी सोडली नाही म्हणून हॅम्बुर्गच्या नोंदीला अर्थ आला. दोन पानं, आठ वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, आणि मग ताळा.

इथवर माझी बाजू झाली. आता आक्षेपांकडे वळतो, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप शास्त्रज्ञांमधूनच आला आहे. अमेरिकेच्या मदतीनं २००९पासून दहा वर्षं ‘प्रेडिक्ट’ नावाचा मोठा प्रकल्प चालला. अनेक देशांत वटवाघळं, माकडं, उंदीर तपासले गेले आणि शेकडो नवे विषाणू मिळाले. प्रकल्पाच्या नावातच भाकीत होतं. तो आवरता घेतला जात असतानाच कोविड आला. टीकाकार म्हणाले, डोंगर पोखरून उंदीर काढला. इथे तर उंदीर पोखरून डोंगर काढला, नावांचा डोंगर! २०१८मध्येच एडवर्ड होम्स, अँड्र्यू रॅम्बॉ आणि क्रिस्टियन अँडरसन या तिघा नामांकित शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की भाकितावर पैसा घालू नका, माणसांवरच्या देखरेखीवर घाला. मला त्यांची टीका बव्हंशी मान्य आहे. असंख्य विषाणूंच्या यादीतून पुढचा गुन्हेगार निवडणं आजच्या विज्ञानाच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण ही टीका पंचांगावरची आहे. ती रोजकीर्दीला लागू पडत नाही. शंभर मुलखांत एकेकदा जाऊन नवी नावं गोळा करणं वेगळं, आणि एकाच बाजारपेठेत, एकाच ओढ्याकाठी दर महिन्याला तेच सापळे लावून काय वाढलं, काय घटलं ते पाहणं वेगळं. पहिल्यात यादी मिळते, दुसऱ्यात चाल कळते. शिवाय माणसांवरची देखरेख हवीच, हे तर मी मघापासून सांगतो आहे. समोरचं पान तेच आहे. माणसाचं पान ठेवा, उंदराचं फाडा, असं का म्हणायचं?

दुसरा आक्षेप रस्त्यावरच्या माणसाचा, आणि तो रोखठोक आहे: तपासत काय बसता, मारून टाका! मारण्याला माझा विरोध नाही. बोलिव्हियात सान होआकिन गावात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तस्रावी तापानं थैमान घातलं. कार्ल जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी विषाणू शोधला, तो वाहणारा एका विशिष्ट जातीचा उंदीर शोधला, तो घराघरांत शिरतो हे पाहिलं, घरांत सापळे लावले, आणि साथ थांबली. मारणं उपयोगी पडलं, कारण कोणाला, कुठे मारायचं हे आधी ठाऊक झालं होतं. ठाऊक नसताना काय होतं? १९०२मध्ये हानोईत फ्रेंच सरकारनं प्लेगच्या भीतीनं उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं. शेपट्यांचे ढीग येऊ लागले, आणि शहरात बिनशेपटीचे धडधाकट उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पैदास चालू राहील! त्याहून बोधप्रद आहे कॅनडातल्या व्हँकुव्हरचा अभ्यास. तिथे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा जिवाणू काही गल्ल्यांतल्या एकाही उंदरात नव्हता आणि काही गल्ल्यांतल्या निम्म्याहून अधिक उंदरांत होता. उंदरांची कुटुंबं सहसा आपली गल्ली ओलांडत नाहीत. त्यानंतर सापळ्यांनी उंदीर मारून पाहिले, तर उरलेल्यांत लागण कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. कळपाची घडी मोडल्यावर उरलेल्यांचं वागणं बदलतं, हे त्याचं संभाव्य कारण. आता आपल्या मुंबईत या. महापालिकेचे मूषक संहारक रात्रपाळीत एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात काठी घेऊन गल्लीबोळ पालथे घालतात. रात्रीला तीस उंदरांचा कोटा त्यांच्यावर असल्याचं अनेकदा छापून आलं आहे. कोणत्या मोरीतून घूस निघते, कोणत्या गोदामामागे उंदीर पावसाआधी वाढतात, हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? पण त्यांच्याकडून आपण फक्त आकडा मागतो. आकड्याबरोबर पत्ता, जात आणि एक नमुना मागितला, तर तीच काठी विज्ञानाची लेखणी होईल. अर्थात हातमोजे, मुखपट्टी आणि विमा त्यांना आधी द्यायला हवा. जपानमध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांकडूनही माणसांना हंताची बाधा झालेली आहे, मग गटारातल्या उंदरांची काय कथा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अशा तपासणीनं भीती पसरते, आणि भीतीचं ओझं नेहमी गरिबाच्या वस्तीवर पडतं. ‘अमुक झोपडपट्टीच्या उंदरांत घातक विषाणू’ असं छापून आलं की दुसऱ्या दिवशी तिथल्या मोलकरणीला कामावर येऊ नको म्हणून सांगणारे असतात. या आक्षेपाला इतिहासाचा पाठिंबा आहे, आणि तो पुण्याचा आहे. १८९७मध्ये प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत घुसले, देवघरं आणि माजघरं तुडवली गेली, आजारी माणसांना ओढून नेलं गेलं. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्या घटनेचा राजकीय अर्थ आपण शाळेत शिकतो. आरोग्यशास्त्राचा अर्थही शिकायला हवा: ज्या नोंदीला लोक घाबरतात ती नोंद खोटी होते. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या. त्यांच्याकडे रुग्ण आणले जात होते, लपवले जात नव्हते. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच रोगासमोर हे दोन मार्ग होते. म्हणून माझं उत्तर असं आहे: भीतीमुळे तपासणी थांबवू नका, तपासणीची रीत बदला. उंदीर वस्तीतला असला तरी तो तिथे येतो न उचललेल्या कचऱ्यामुळे, फुटक्या गटारामुळे, उघड्या धान्यामुळे. नमुन्याच्या निष्कर्षाबरोबर दुरुस्तीची जबाबदारी कुणाची हेही जाहीर झालं पाहिजे. वस्तीला आधी सांगायचं, मग वर्तमानपत्राला. आणि ज्या वस्तीतून नमुना नेला तिथे गटार झाकायला कुणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी सापळा लावू द्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या वस्तीला आहे, असं मी समजतो.

‘आता कुठे प्लेग राहिला?’ असा चौथा, न बोललेला आक्षेप असतो. त्याला बीडचं उत्तर आहे. १९६६नंतर भारतात माणसांत प्लेगची नोंद नव्हती, आणि सावधपणा सैल पडला होता. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. पडलेली, सोडून दिलेली घरं आणि त्यांत राहिलेलं धान्य यांमुळे त्या टापूत उंदीर वाढले असावेत, असं अनुमान पुढे मांडलं गेलं. १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या, सप्टेंबरात सुरत हादरली आणि माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून पळाली. रोग दिसत नाही, म्हणजे वहीत लिहिण्यासारखं काही नाही, असा समज होतो. वास्तविक ‘आज काही नाही’ हीसुद्धा नोंदच असते. रोजकीर्दीत एखाद्या दिवशी शून्य लिहिलं म्हणून कुणी ती मिटून ठेवत नाही. उलट आधीची शून्यं लिहिलेली असतील तरच पहिला एकडा डोळ्यांत भरतो.

तेव्हा थोडक्यात सांगायचं तर चार गोष्टी हव्यात. मोजक्या जागा, पण त्याच जागा आणि वर्षानुवर्षं. प्रत्येक नोंदीत प्राण्याची नेमकी जात, म्हणजे घूस की उंदीर की चिचुंद्री. प्रत्येक नमुन्याचा एक भाग न वापरता गोठवून ठेवलेला, ज्याचा प्रश्न अजून कुणाला सुचलेला नाही अशा उत्तरासाठी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे समोरचं पान: त्याच भागातल्या दवाखान्यांत आलेले, कारण न सापडलेले ताप, काविळी, मूत्रपिंडाचे विकार. यासाठी नव्या मोठ्या संस्था उभारायला नकोत. परळला हाफकिन आहे, पुण्याला विषाणू संस्था आहे. माणूस, प्राणी आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२मध्ये नागपूरला झाली आहे. पालिकेचे मूषक संहारक आहेत, कोकणातल्या आरोग्य केंद्रांतले कर्मचारी आहेत. पानं सगळी आहेत, पण ती वेगवेगळ्या कपाटांत पडून आहेत. बांधणी तेवढी राहिली आहे.

श्रोतेहो, परळच्या त्या टेबलाकडे पुन्हा एकदा पाहू आणि थांबू. तिथे येणाऱ्या उंदरांपैकी बहुतेक निरोगी निघत. दिवसभर फाडायचं, काही सापडलं नाही असं लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या काम करणाऱ्यांपैकी कितींची नावं आपल्याला ठाऊक आहेत? गटारात हात घालून तो उंदीर काढणाऱ्याचं, त्याचा पत्ता लिहून देणाऱ्याचं नाव कुणी नोंदलं का? पण गटारातल्या उंदरापासून घरातल्या उंदरापर्यंत दहा दिवस, आणि तिथून माणसापर्यंत दहा ते चौदा दिवस, हे शहाणपण त्या ‘काही नाही’च्या शेकडो ओळींमधून निघालं. उद्याचा विषाणू कोणता, हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये. आजच्या पानावर तारीख घातली आहे का, एवढं मात्र आपण प्रत्येक जण आपापल्या पालिकेला विचारू शकतो.